पाच कंद

"तिकडं न्हाय जायाचं," ठकूमावशी म्हणाली आणि तिनं हातातली काठी माझ्यापुढे आडवी धरली.

काठीपलीकडे कारवीचं रान होतं. दोन वर्षांपूर्वी ती सगळी कारवी एकदम फुलली होती आणि फुलून झाल्यावर, कारवीच्या रीतीप्रमाणे, एकदमच मेली होती. आता धुक्यात नुसत्या राखाडी काटक्या उभ्या होत्या, माणसाच्या उंचीच्या, हजारोंनी. वारा नव्हता, तरी आतून कुठून तरी बारीक कुरकुर ऐकू येत होती.

"का? काय आहे तिकडे?"

"काय न्हाय."

"मग?"

"काय न्हाय म्हणून तर. चल, म्हशी बघायच्यात."

ती वळली आणि चार पावलांत धुक्यात दिसेनाशी झाली. तिच्या घोंगडीचा ओला वास तेवढा मागे राहिला. त्या वासाच्या मागे मी निघाले.

ही १९८६ सालच्या श्रावणातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि सह्याद्रीतल्या जमिनीवर उगवणाऱ्या आमऱ्यांवर, म्हणजे ऑर्किडांवर, प्रबंध लिहीत होते. आमरी म्हटलं की लोकांना झाडावर लोंबणारे तुरे आठवतात. माझ्या आमऱ्या तशा नव्हत्या. त्या वर्षातले दहा महिने मातीत लहानशा कंदाच्या रूपानं झोपून असतात. पाऊस जिरला की वर येतात, दोन-तीन आठवडे फुलतात आणि परत नाहीशा होतात. त्यातल्या कितीतरी जाती लांबून अगदी सारख्या दिसतात. ओळख पटवायची तर फूल भिंगाखाली धरायचं. ओठाची पाकळी किती भागांत फाटलीय, तिची कड कशी आहे, मागची मधाची नळी किती लांब, पानं जमिनीला चिकटलेली की देठावर चढत गेलेली. एवढं सगळं पाहिल्याशिवाय मी नाव घेत नसे.

गवळणीचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार, दीड कोस लांब. पश्चिमेला कडा, कड्याखाली कोकण. पूर्वेच्या अंगाला तीन घरांचा धनगरवाडा. १९७१ नंतर वनस्पतिशास्त्राचा माणूस तिथं फिरकलेला नाही, असं माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. का फिरकला नाही, तेही मला ठाऊक होतं.

त्या तीन घरांतल्या पहिल्या घरात ठकूबाई झोरे राहायची. वय चाळीस-बेचाळीस, दिसायला साठीची. नवरा वारलेला, मुलगा खालच्या गावात मामाकडे राहून शाळेत जाणारा. मी राहायला जागा मागितली तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय बघाया आलीस?"

"फुलं."

"ऱ्हा," ती म्हणाली. जेवणाबद्दल, दिवसांबद्दल एक शब्द नाही. मला तेव्हा नवल वाटलं होतं.

पहिल्या संध्याकाळी चुलीपाशी बसलो असताना तिनं विचारलं, "कुठल्या गावची?"

"सांगलीची."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही, पण थापण्याचा ठेका चुकला. "सांगलीचा एक मास्तर आलता मागं. फुलंच बघाया."

"तेरदाळकर सर," मी म्हणाले.

"तुला ठावं हाय?"

"मी त्यांच्याच घरी राहते. वरच्या खोलीत, भाड्यानं. त्यांच्या पत्नी खाली राहतात. शाळेत शिकवतात."

ठकूमावशीनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी फुगली, उलटली, निखाऱ्यावर गेली. मग तिनं विचारलं, "कुकू लावती का अजून?"

"लावतात."

तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि निखारे राखेनं झाकले.

तेरदाळकर सर १९७१च्या ऑगस्टमध्ये कोकणातून घाट चढून या सड्यावर आले होते आणि परत गेले नव्हते. त्यांच्याबरोबर वाटाड्या म्हणून धोंडिबा झोरे होता, ठकूमावशीचा नवरा. धुक्यात चुकामूक झाली, असं त्यानं सांगितलं. पोलिसांनी आणि गावच्या माणसांनी आठवडाभर कडा पालथा घातला, कारण धोंडिबानं त्यांना शेवटचं पाहिलं ते कड्याच्या बाजूला. काही सापडलं नाही. खालच्या गावांत बोललं जाई की धोंडिबानंच घड्याळासाठी आणि दुर्बिणीसाठी मास्तरला मारून कड्यावरून लोटलं. सांगलीत वेगळं बोललं जाई. कुणीतरी सरांना इंदूरच्या बाजारात एका बाईबरोबर पाहिलं होतं म्हणे. माझ्या घरमालकीणबाई, इंदुमती तेरदाळकर, यातलं काहीच बोलत नसत. रोज सकाळी अंघोळीनंतर आरशासमोर उभ्या राहून कुंकू लावत आणि शाळेला जात. मी या सड्यावर निघालेय हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त "छत्री नको, इरलं घे. तिथं छत्री टिकत नाही," एवढंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि ठकूमावशी सड्याच्या मध्यावर होतो. मी गुडघे टेकून एका फुलाचं माप घेत होते. दगडाला चिकटलेली दोन गोल पानं, मधून निघालेला वीतभर देठ, वर पांढरी फुलं. या सड्याची ही नेहमीची जात. तेवढ्यात शीळ ऐकू आली.

सड्यावर राहिलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा असेल. शीळ घालणारा कस्तूर नावाचा निळा-काळा पक्षी पावसाळ्यात ओढ्याकाठी गातो, आणि तो अगदी रिकामटेकड्या माणसासारखा गातो, सूर धरतो, सोडतो, मध्येच विसरतो. मी मान वर न करताच म्हटलं, "कस्तूर आहे."

उत्तर आलं नाही म्हणून पाहिलं, तर ठकूमावशीनं घोंगडीची दोन्ही टोकं कानांवर दाबून धरली होती.

"मावशी, पाखरू आहे ते."

"ठावं हाय मला पाखरू," ती म्हणाली. "पाखराचं काय न्हाय. पाखरू दम खाया थांबत न्हाय."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. शीळ कारवीच्या बाजूनं येत होती. दोन लांब सूर, मग एक आखूड, वर चढणारा, मध्येच तुटलेला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तेच, जशाच्या तसं. मी कस्तूर पुष्कळ ऐकले होते. एकही कस्तूर तीच ओळ दोनदा म्हणत नाही. हे माझ्या मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं, वहीत नळीची लांबी लिहिली. साडेतीन सेंटीमीटर. ती नोंद अजून माझ्याकडे आहे. अक्षर वाकडं आलंय.

तिसऱ्या दिवशी मावशीनं काठी आडवी धरली, ते मी सुरुवातीला सांगितलं.

चौथ्या दिवशी पहाटेपासून तिची एक म्हैस अडली होती. मावशीला गोठ्यातून हलता येईना. "आज कुटं जाऊ नको," ती म्हणाली. "दुपारपर्यंत मी मोकळी हुते." मी हो म्हटलं. पण सड्यावरचे माझे दिवस संपत आले होते, आणि जिथं कुणी जाऊ देत नाही तिथंच आपल्याला हवं ते असणार, अशी एक ओढ त्या वयात असते. सकाळी दहाच्या सुमाराला भिंग, दुर्बीण, वही आणि खुरपं घेऊन मी निघाले.

धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. कारवीत शिरल्यावर दहा हातांपलीकडचं काही दिसेना. वाळक्या काटक्या अंगाला लागून मोडत होत्या आणि त्यांचा आवाज मागून कुणी चालत यावं तसा येत होता. मी थांबले की तो एका क्षणानंतर थांबे. हा धुक्याचा खेळ असतो, हे मला माहीत होतं. तरी दोनदा मागे वळून पाहिलं.

मग शीळ आली. पुढून, थोडी डावीकडून. दोन लांब, एक आखूड. अगदी जवळून.

मी तिच्या रोखानं गेले. घाबरून नव्हे. खरं सांगायचं तर मला तो पक्षी बघायचा होता, म्हणजे मनातलं काहीतरी एकदाचं मिटलं असतं. शीळ पुन्हा आली. मी पावलं उचलली. तिसऱ्यांदा ती सुरू झाली, पहिला सूर, दुसरा सूर, आणि तिसरा आलाच नाही. मीही पाऊल उचललेलं तसंच ठेवून थांबले, तिसरा ऐकण्यासाठी.

तिथंच जमीन संपली होती.

माझ्या पायाशी जांभ्या दगडात एक भेग होती, हातभर गवतानं झाकलेली. रुंदी जेमतेम पाच-सहा फूट, लांबी बैलगाडीएवढी, खोली दोन पुरुष. कारवी जिवंत असती तर काठावर उभं राहूनही ती दिसली नसती. मी पोटावर झोपले आणि खाली पाहिलं. तळाला पांढरी फुलं होती.

आधी आनंदच झाला. मग मी दुर्बीण लावली आणि मोजलं. पाच देठ. पाचही एका ओळीत, एकमेकांपासून चार-चार बोटांवर, कुणी दोरी धरून लावावेत तसे. रानात काहीही सरळ ओळीत उगवत नाही.

भेगेच्या एका टोकाला दगड ढासळून पायऱ्यांसारखे झाले होते. धडधाकट माणसाला उतरणं-चढणं अवघड नव्हतं. मी उतरले. खाली आवाज वेगळेच होतात. वरच्या काटक्यांची कुरकुर थांबली आणि स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. मातीला गोडसर, बंद पेटीसारखा वास होता.

मी गुडघ्यांवर बसून पहिलं फूल भिंगाखाली धरलं. पानं जमिनीला चिकटलेली नव्हती, देठावर एकाआड एक चढत गेली होती. नळी बोटापेक्षा लांब. ओठाची पाकळी तीन भागांत फाटलेली, आणि बाजूच्या दोन भागांची कड फणीच्या दातांसारखी बारीक चिरलेली.

ही सड्यावरची जात नव्हती. ही कोकणातली, घाटाच्या पायथ्याच्या उष्ण रानातली. तीन हजार फुटांवर, या गार धुक्यात, तिचं काही काम नव्हतं. आमरीचं बी धुळीसारखं असतं, वाऱ्यानं कुठंही जातं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण वाऱ्यानं ओळ धरून पाच रोपं लावली नसती.

आणि ते फूल मी याआधी पाहिलं होतं. खऱ्या रानात नाही. सांगलीला, बाईंच्या बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी एक पोस्टकार्ड चौकटीत घालून टांगलेलं होतं. भाड्याचे पैसे द्यायला गेले की माझी नजर त्यावर पडे. एका बाजूला शाईनं काढलेलं फूल, ओठाची कड फणीसारखी. खाली बारीक अक्षर: "हे आज मिळालं. पाच कंद शेवाळात गुंडाळून डब्यात घेतले आहेत. आपल्या तुळशीजवळ लावू. उद्या घाट चढून वर जातो." कोकणातल्या एका टपालकचेरीचा शिक्का. ११ ऑगस्ट १९७१.

माझं खुरपं कधी मातीत गेलं ते मला आठवत नाही. चार बोटं खाली ते खरखरलं. गंजलेला पत्रा होता. हातानं माती बाजूला केली तशी डब्याची कड दिसली, आम्ही झाडपाला ठेवायला खांद्याला लावतो तसल्या लांबट डब्याची. झाकण सडून गेलं होतं आणि पाचही रोपं त्या डब्यातूनच वर आली होती. तेरा वर्षं कारवीच्या सावलीत त्यांनी पानं काढून कसंबसं तग धरलं असणार. कारवी मेली, वरून ऊन पोचलं, तेव्हा फुलली.

डब्याचा पट्टा मातीखालून भिंतीच्या दिशेनं गेला होता. मी तो ओढला नाही. भिंतीशी खाली एक खोबण होती, पावसापासून आडोसा शोधत माणूस सरपटत जाईल अशी. तिथं चष्म्याची चौकट पडली होती. आणि तिच्या पलीकडे जे होतं, त्याकडे मी एकदाच पाहिलं.

"पोरी," वरून आवाज आला.

मी वर पाहिलं. काठावर ठकूमावशी उभी होती. कोपरापर्यंतच्या हातांना रेडकाच्या जन्माचं रक्त लागलेलं होतं. ती धुवायलाही थांबली नव्हती.

"हाय का त्यो?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

ती काठावरच बसली. "तुला कुणी आणलं हिकडं?"

"शीळ ऐकली. पाखराची."

"पाखरू आज बोललं न्हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं मी कान लावून हाय."

मी वर आले. आम्ही दोघी भेगेपासून थोडं लांब एका दगडावर बसलो, आणि तिथं, धुक्यात, ती मला सांगायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती. हातावरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडत होती.

"मालक त्या सांजेला एकलाच आला. सगळा सडा हाका मारत फिरला म्हणाला. धुकं असं, की आपला हात आपल्याला दिसंना. उजाडल्यावर पाटलाला सांगाया खाली गेला. पाटलानं चौकीवर नेलं. तिथनं नऊ दिसांनी सुटला." तिनं दुसरा हात खरवडायला घेतला. "मी एकली हुते. बाकीची दोन घरं म्हशी घेऊन खालच्या रानात उतरलेली. पोरगं दोन म्हैन्याचं. मालक गेला आणि घटकाभरानं शीळ आली."

"हीच?"

"हीच. दोन लांब आणि एक तुटकी. मला आधी वाटलं पाखरू हाय. मग वाटलं, पाखरू न्हाय. माझी सासू सांगायची, धुक्यात कुणी शीळ घालतंय वाटलं तर उठू नको, ते कड्याकडं नेतंय. मी दार लावून घेतलं. दाराला पाटा लावला, वरवंटा लावला. पोराला छातीशी धरून बसले. दुपारी परत आली. सांजेलाबी आली."

"मावशी..."

"ऐक. दुसऱ्या दिशीबी आली. बारीक. मध्ये मध्ये लई वेळ जायचा, मग यायची. मी कानात बोटं घातली. तिसऱ्या दिशी बोटं काढून बसले, तर आलीच न्हाय. दिसभर आली न्हाय. तवा मला कळलं. पाखरू असतं तर आलं असतं."

कारवीची एक काटकी मोडून पडली. आम्ही दोघीही दचकलो नाही.

"तोवर कड्याकडं माणसं जमली हुती. ती सगळी कडा बघत हुती. मी सांगितलं असतं, हिकडं बघा, तर बघितलं असतं. पर मग विचारलं असतं, तुला कसं ठावं?"

"धोंडिबांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? चौकीतनं आला तवा एका कानानं ऐकू यायचं बंद झालतं. त्याला सांगू, तुझा मास्तर दोन दीस बोलवत हुता आणि मी दार लावून बसलेली? लोकं त्याला खुनी म्हणायची. बाजाराला गेला तर त्याच्याशेजारी कुणी बसायचं न्हाय. एवढा एक शब्द बोलले असते तर मास्तर सापडला असता. मालकाचं नाव धुऊन निघालं असतं. रोज म्हणायची, आज सांगते. बारा वर्सं म्हणायची. मग त्योच मेला."

मग तिनं भेगेकडे बोट केलं. "गेल्या सरावणात एक रेडकू हुकलं म्हणून पहिल्यांदा हितवर आले. खाली बघितलं तर पांढरं दिसलं. मला वाटलं हात हाय. पाच बोटं वर करून ठेवलेला. पळत सुटले. या साली तू आलीस, फुलं बघाया आले म्हणालीस. म्हटलं हिला दाखवू, हिला कळंल काय हाय ते. पर हितवर आलं की माझा पाय उचलंना."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला.

"तिला सांग," ती म्हणाली. "तुझ्या घरमालकिणीला. समदं सांग. मला न्हाय जमलं."

पुढचं सगळं भराभर झालं. पंचनामा झाला. घड्याळ मनगटाच्या हाडापाशी मिळालं, दुर्बीण खोबणीत. धोंडिबानं काही चोरलं नव्हतं, हे पंधरा वर्षांनी कागदावर आलं, आणि ते वाचायला तो नव्हता. डॉक्टरांनी मांडीचं हाड मोडल्याचं लिहिलं. बाईंनी ते कागद शाळेतले पेपर तपासावेत तसे, चष्मा लावून, सावकाश वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा त्यांचं कपाळ मोकळं होतं. रडताना मी त्यांना पाहिलं नाही.

मी कंद आणले होते, ओल्या शेवाळात गुंडाळून. बाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "जिथे होते तिथे लाव," म्हणाल्या. मी गेले आणि लावून आले. प्रबंधात मात्र ती जात मी गवळणीच्या सड्यावर नोंदवली नाही. माझे मार्गदर्शक त्यावरून माझ्यावर नाराज होते. पण ती तिथली नव्हती.

ठकूमावशीनं सांगितलेलं तेवढं मी बाईंना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत गेले. दिवाळी झाली. एका संध्याकाळी बाईंनी मला खाली बोलावलं आणि विचारलं, "मांडी मोडून माणूस लगेच जात नाही ना?"

"नाही."

"मग किती?"

मी सांगितलं. दोन दिवस, आणि शीळ, आणि दार. सगळं, जसं ऐकलं होतं तसं. बाई ऐकत होत्या. संपल्यावर त्या उठल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चल."

कार्तिकात आम्ही गेलो. सड्यावरचं गवत सोनेरी होऊन लवलं होतं, आकाश स्वच्छ, कड्यावरून समुद्राची रेघ दिसत होती. वयाच्या पन्नाशीत बाई तीन तास न बसता चढल्या. भेगेपाशी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, त्यांच्याकडे."

ठकूमावशी अंगणात ताक घुसळत होती. आम्हाला पाहून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. दोघींच्या कपाळावर काही नव्हतं. मावशीनं घोंगडी पसरली. बाई बसल्या. माझी अपेक्षा होती की मावशी पाया पडेल, किंवा बाई काहीतरी बोलतील, तोडून किंवा समजूत घालून. तसं काही झालं नाही.

"कशी होती?" बाईंनी विचारलं.

मावशीला कळलं. तिनं पदरानं ओठ पुसले. बायका शीळ घालत नाहीत, त्यांच्या समाजात तर नाहीच. तिनं ओठांचा चंबू केला, आधी नुसतीच हवा गेली. मग सूर लागला. दोन लांब, एक आखूड, वर चढणारा, तुटलेला. त्यात काहीही चुकलं नव्हतं.

बाईंचे डोळे मिटलेले होते. "परत," त्या म्हणाल्या.

मावशीनं परत घातली.

"परत."

तिसऱ्यांदा मावशीचा सूर फाटला. बाईंनी डोळे उघडले. "राहू दे," त्या म्हणाल्या. मावशीनं पुढे केलेलं ताक त्यांनी घेतलं, सगळं प्यायल्या आणि उठल्या. निरोप असा घेतला नाही. मावशी अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

अर्धा डोंगर उतरून झाला. एका वळणावर दम घ्यायला थांबलो. त्या खालच्या दरीकडे बघत होत्या.

"आमच्या जिन्यावरून वर येताना हे अशीच शीळ घालायचे," त्या म्हणाल्या. "कडी काढ म्हणून. मला पहिल्या सुरातच कळायचं. पण मी लगेच उठत नसे. दोनदा, कधी तीनदा वाजू द्यायची. दाराच्या आत बसून ऐकत राहायची. फार बरं वाटायचं मला ते."

मग त्यांनी पदर खोचला आणि माझ्यापुढे उतरायला लागल्या.